नवीन कॉम्प्युटरवर टॉरेंट रांगतंय, त्याच लाईनवर जुना लॅपटॉप पळतोय. काय तपासू?

आर्वीकर

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही काही जण मिळून अभ्यासिका चालवतो. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरं येतात. गावाच्या वर्गणीतून नुकताच नवा डेस्कटॉप घेतला, विंडोज ११ वाला.

काम दोन गोष्टींचं आहे. एक, किविक्सच्या फाइली (किविक्स म्हणजे नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर). मराठी विकिपीडिया आणि पूर्ण इंग्रजी विकिपीडिया उतरवून ठेवायचा, म्हणजे नेट नसलं तरी पोरांना वाचता येईल. दोन, लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कॉम्प्युटरांवर विंडोज १० आहे. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्या जुन्या मशिनींवर विंडोज ११ बसत नाही. मशिनी चांगल्या चालतात, भंगारात कशाला घालायच्या? म्हणून मिंट.

लाईन गावातल्या केबलवाल्याची फायबर आहे, ४० एमबीपीएसचा प्लॅन. या फाइली टॉरेंटनं, म्हणजे ज्यांच्याकडे त्या आहेत अशा अनेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्यानं, उतरवतोय. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मिंटचं टॉरेंट सेकंदाला ४ एमबीच्या वर चालतं. नव्या कॉम्प्युटरवर तेच टॉरेंट, तेच क्यूबिटटॉरेंट (टॉरेंट उतरवायचा प्रोग्राम), तोच राउटर, आणि स्पीड १८० ते २५० केबी. इंग्रजी विकिपीडियाची चित्रांसकट फाइल १०० जीबीच्या वर आहे. लॅपटॉपच्या वेगानं ती एका रात्रीत उतरते, या वेगानं सहा दिवस लागतील. लॅपटॉप मी कामावर घेऊन जातो, त्यामुळे तो इथे चालू ठेवता येत नाही.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

काटोलचा_संत्रा

भाऊ, ट्रॅकरची (फाइल कोणाकडे हाये थे सांगणारे सर्व्हर) मोठी लिस्ट नेटवर भेटते, थे टाकून पाहजा. अन् एक बूस्टर नावाचं सॉफ्टवेअर येते, आमच्या इकडचे पोरं तेच वापरून राहिले.

खामगावकर

आधी एक खुलासा करतो, कारण यात बरेच जण अडकतात. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. टॉरेंटमध्ये दिसतात ते मेगाबाइट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ४० च्या लाईनवर जास्तीत जास्त ५ एमबी मिळणार, प्रत्यक्षात साडेचारच्या आसपास. लॅपटॉपवर ४ च्या वर येतंय म्हणजे लाईन पूर्ण मिळतेय. केबलवाल्याशी भांडायला जाऊ नका.

तारजोड

आर्वीकर, तुम्ही लॅपटॉपची तुलना दिलीत हे फार बरं केलंत. अर्धा तपास तिथेच झाला. लाईन एक, राउटर एक, टॉरेंट एक, म्हणजे प्लॅन, केबलवाला, सीडरची (पूर्ण फाइल देणाऱ्यांची) संख्या हे सगळे एका झटक्यात सुटले. आता दोष राउटरपासून नव्या कॉम्प्युटरच्या डिस्कपर्यंतच्या वाटेतच कुठेतरी आहे. मी नागपुरात नेटवर्कचंच काम करतो आणि रोज पाहतो: लोक टॉरेंटच्या सेटिंगमध्ये शिरून दहा आकडे बदलतात, मग कशानं काय झालं तेच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी मोजा.

सगळ्यात आधी टॉरेंट पूर्ण बंद करून नव्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून स्पीड टेस्ट घ्या. ती वायफायवर घ्या, आणि लॅन केबल मिळाली तर केबलवरही घ्या. टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा रकाना उघडून कोण किती ओढतंय तेही पाहा. नवीन मशीन पहिले काही दिवस विंडोजचे अपडेट आणि दुकानदारानं टाकून दिलेली सॉफ्टवेअरं गुपचूप उतरवत असते. तुमच्या ४० मधले २५ तिथेच जात असतील तर टॉरेंटला काय उरणार?

मग क्यूबिटटॉरेंट चालू करा आणि पाच मिनिटांनी खालच्या पट्टीत डीएचटीपुढे (ट्रॅकरशिवाय एकमेकांचे पत्ते सांगणारं जाळं) किती नोड, म्हणजे त्या जाळ्यातली मशिनं, दिसतात ते सांगा. ट्रॅकरच्या टॅबमध्ये काय लिहून येतं तेही सांगा.

काटोलच्या भाऊ, बूस्टर कृपा करून कोणी टाकू नका. टॉरेंटचा वेग बाहेरून वाढवणारं असं कोणतंही सॉफ्टवेअर नसतं. त्या नावाखाली जाहिराती आणि व्हायरसच येतात, आणि हे अभ्यासिकेचं मशीन आहे, उद्या पोरं त्यावर भरतीचे फॉर्म भरतील, आधार आणि बँकेचे नंबर टाकतील. ट्रॅकरच्या लिस्टाही मिंटसारख्या टॉरेंटला लागत नाहीत, त्याला सीडर भरपूर असतात.

पूसकाठ

मी यवतमाळ जिल्ह्यात जि. प. शाळेत शिकवते. आमच्या शाळेतही हाच विंडोज १० चा प्रश्न आहे, म्हणून धागा लक्ष देऊन वाचतेय. आर्वीकर दादा, नव्या कॉम्प्युटरला वायफाय आतलं आहे की यूएसबीचं डोंगल लावलंय? आणि राउटर कुठे आहे?

आर्वीकर

डोंगल आहे ताई, मागच्या बाजूला लावलंय. त्याच्या शेजारीच बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली आहे. राउटर पुढच्या खोलीत आणि कॉम्प्युटर मागच्या. मधली भिंत जुनी मातीची आहे, चांगली हातभर जाड. लॅपटॉपवर मी पुढच्याच खोलीत बसून काम करतो.

वायफायवर स्पीड टेस्ट ९ ते ११ एमबीपीएस येते. टास्क मॅनेजरमध्ये विंडोज अपडेट थोडं ओढत होतं, ते संपू दिलं. फरक फारसा पडला नाही.

पूसकाठ

मग दोन गोष्टी दिसतात. स्वस्तातली डोंगलं बहुतेक २.४ गीगाहर्ट्झचीच असतात. लॅपटॉप वायफायच्या वेगवान ५ गीगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडला जात असेल आणि हे २.४ वर. दुसरं म्हणजे यूएसबी ३ ला जोडलेली हार्ड डिस्क आणि तिची वायर चालू असताना नेमक्या त्याच २.४ च्या पट्ट्यात खरखर सोडतात. इंटेलनं २०१२ साली यावर स्वतःचा अहवाल काढला होता. निळ्या पोर्टमध्ये डिस्क आणि शेजारच्या पोर्टमध्ये डोंगल असलं की डोंगलला राउटरचं नीट ऐकूच येत नाही. यूएसबीची एक्स्टेंशन वायर मिळते, ती लावून डोंगल टेबलावर उंच आणि डिस्कपासून दूर ठेवा. आमच्या शाळेच्या ऑफिसात एवढ्यानेच काम झालं.

तारजोड

ताईंचं निदान बरोबर आहे. पण हिशोब पाहा. वायफायवर १० एमबीपीएस येत असतील तर टॉरेंटला सव्वा एमबी मिळायला हवा, तुम्हाला २०० केबी मिळतंय. म्हणजे वायफायचा दोष खरा आहे, पण तो एकटा नाही. भिंतीला भोक पाडून केबल टाकता येईल का? एकाच जागी बसणाऱ्या मशीनला वायफाय कशाला हवं?

आर्वीकर

दाराच्या चौकटीवरून केबल घेतली. केबलवाल्याकडच्या पोरानंच टोकं बसवून दिली. केबलवर स्पीड टेस्ट ३८ येतेय. म्हणजे तो भाग सुटला.

पण टॉरेंट अजूनही ३०० ते ४०० केबीच. मिंटच्या टॉरेंटला सीडर शेकड्यांनी दिसतात, जोडलेले मात्र चार-पाचच. खालच्या पट्टीत डीएचटी: ० नोड. ट्रॅकरच्या टॅबमध्ये यूडीपीनं सुरू होणाऱ्या सगळ्या ओळींपुढे 'काम करत नाही' अशा अर्थाचं इंग्रजीत येतंय, एक एचटीटीपीएसची ओळ तेवढी चालू आहे.

तारजोड

सापडलं. डीएचटी शून्य आणि यूडीपीचे ट्रॅकर सगळे बंद, या दोन गोष्टी एकत्र आल्या की अर्थ एकच: नेटवर डेटा पाठवायच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन पद्धतींपैकी क्यूबिटटॉरेंटचे यूडीपी पॅकेट मशीनच्या बाहेर जात नाहीत किंवा परत येत नाहीत.

हे महत्त्वाचं का, ते सांगतो. टॉरेंटमध्ये एक सर्व्हर नसतो. फाइलचे हजारो तुकडे असतात आणि ज्यांच्याकडे ते आहेत अशा लोकांचे पत्ते आपल्याला मिळवावे लागतात. पत्ते मिळतात ट्रॅकरकडून आणि डीएचटीकडून. डीएचटी संपूर्ण यूडीपीवर चालतं, बहुतेक ट्रॅकरही यूडीपीवर, आणि पुढे तुकड्यांची देवाणघेवाणही बऱ्याच अंशी यूडीपीवरच्या यूटीपी नावाच्या पद्धतीनं होते. ते दार बंद झालं की टीसीपीच्या फटीतून चार-दोन माणसं भेटतात, तेवढ्यावरच गाडी चालते. स्पीड टेस्ट मात्र टीसीपीवर झकास येते, म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो.

आता दार कोणी लावलं? लॅपटॉपवर चालतंय, म्हणजे राउटरनं नाही. नव्या कॉम्प्युटरमध्ये ३० किंवा ६० दिवसांचा ट्रायल अँटिव्हायरस आलाय का ते पाहा. अशा पॅकेजात स्वतःची फायरवॉल (नेटची ये-जा अडवणारा पहारेकरी) असते. अनोळखी प्रोग्रामचं यूडीपी ती न विचारता अडवते, आणि विंडोजची फायरवॉल तेव्हा बाजूला बसलेली असते, त्यामुळे तिथे कितीही परवानग्या दिल्या तरी उपयोग होत नाही. सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून तो ट्रायल काढून टाका आणि रीस्टार्ट करा. विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू होतो आणि अभ्यासिकेच्या कामाला तो पुरेसा आहे. मशीन उघडं पडेल ही भीती नको.

रीस्टार्ट झाल्यावर क्यूबिटटॉरेंट उघडलं की विंडोज परवानगी विचारेल. तिथे प्रायव्हेट नेटवर्कला होकार द्या. आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये तुमची जोडणी पब्लिक आहे की प्रायव्हेट ते पाहा. विंडोज ११ नवीन जोडणीला पब्लिकच धरतं. अभ्यासिकेचा राउटर तुमचाच आहे, तो प्रायव्हेट करा. परवानगीच्या खिडकीवर घाईत रद्द दाबलं गेलं तर विंडोज कायमचा अडथळा लिहून ठेवतं, मग फायरवॉलच्या यादीत जाऊन तो हातानं काढावा लागतो.

मेळघाटकडचा

धारणी तालुक्यातून लिहितो. मले फायबर नाई, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतो. डीएचटी माझं तीनशेच्या वर दाखवते, तरी किविक्सची एक जुनी फाइल ३० केबीनं येऊन राहिली. सीडर दोनच हायेत. यूट्यूबवर एक जण सांगते की पोर्ट फॉरवर्ड करा. मोबाईलमध्ये थे कसं करतात?

तारजोड

पोर्ट फॉरवर्ड म्हणजे बाहेरच्यांना आत यायला राउटरवर दार उघडणं. मोबाईलवर ते नाही करता येत, आणि त्यात वेळ घालवू नका. मोबाईल कंपन्या आणि आता बरेच फायबरवालेही एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरं बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यानं सुरू होत असेल तर तुम्ही त्याच्याच मागे आहात. ही पत्त्यांची रांग २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवली गेली. आपल्या राउटरवर पोर्ट उघडलं तरी पुढचं मोठं दार कंपनीच्या हातात असतं. म्हणून बाहेरचा माणूस स्वतःहून तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही, तुम्हीच त्याच्याकडे जायचं. सीडर शेकड्यांनी असतील तर फरक जाणवत नाही. आर्वीकरांचा लॅपटॉपही बहुधा अशाच लाईनवर ४ एमबी ओढतो. पण सीडर दोनच आणि तेही तुमच्यासारखे बंद दारामागे असतील, तर दोघांची भेट होणं अवघड.

उपाय एक: आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत. मोबाईलवर ते बहुधा मिळतं. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता असतो आणि सीजीनॅटचा अडसर राहत नाही. फोनच्या एपीएनमध्ये (मोबाईल डेटाच्या सेटिंगमध्ये) आयपीव्ही४ व आयपीव्ही६ दोन्ही निवडा. उपाय दोन तुमच्या केसमध्ये जास्त खरा: जुनी फाइल सोडा. किविक्सवर त्याच ज्ञानकोशाची नवी आवृत्ती पाहा, तिला सीडर जास्त असतात.

काटोलचा_संत्रा

आपण अपलोड शून्यावर बांधलं तर सगळी लाईन डाउनलोडले भेटीन ना?

पूसकाठ

नाही भाऊ, उलटं होईल. पेरणीच्या वेळी गावात सावड असते ना, तू माझ्या वावरात ये, मी तुझ्या वावरात येते. टॉरेंटचं तसंच आहे. ब्रॅम कोहेननं २००१ मध्ये ते बनवलं तेव्हाच नियम घातला: जो मला तुकडे देतो त्याला मी आधी देईन. नव्या माणसाची ओळख व्हावी म्हणून दर ३० सेकंदांनी एखाद्याला फुकट संधी मिळते, पण तेवढ्यावर भागत नाही. सीडर भरपूर असले तर शून्य अपलोडवरही काम निभतं, कमी असले की आपण रांगेत शेवटी.

पण मोकळं सोडणंही चूक. आपण जे उतरवतो त्याची पोच उलट वाटेनं जात असते. अपलोड काठोकाठ भरलं की ती पोच अडकते आणि डाउनलोडच बसतं. स्पीड टेस्टमध्ये अपलोड किती आलं ते पाहा आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांवर बांधा. ५ एमबीपीएस आलं तर ते ६२५ केबी होतात, ५०० वर ठेवा.

खामगावकर

ताईंना +१. सोबत एक भर: केबलवाल्यानं दिलेला राउटर स्वस्तातला असेल तर एकूण जोडण्या ५०० वरून २०० वर आणा. इतक्या जोडण्या सांभाळताना ते डबे हँग होतात आणि घरातल्या सगळ्यांचं नेट बंद पडतं.

आर्वीकर

झालं! ट्रायल अँटिव्हायरस होताच. काढला, रीस्टार्ट केलं, नेटवर्क प्रायव्हेट केलं. क्यूबिटटॉरेंट उघडल्यावर दोन मिनिटांत डीएचटी ३०० च्या पुढे, ट्रॅकर सगळे हिरवे, आणि मिंट ४.४ एमबीनं उतरलं. तारजोड, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार.

आता इंग्रजी विकिपीडिया लावलाय. तो मात्र काही वेळ ४ वर पळतो, मग एकदम शून्य, मग परत ४. खाली डिस्कचं काहीतरी दाखवतो. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतोय. आणि लाईट गेली तर काय? आमच्याकडे संध्याकाळी जातेच.

पूसकाठ

टॉरेंटचे तुकडे क्रमानं येत नाहीत, कुठलाही तुकडा कधीही येतो, त्यामुळे फिरत्या डिस्कला सारखं इकडून तिकडे धावावं लागतं. बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर थेट उतरवू नका. आतल्या एसएसडीवर (न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर) जागा असेल तर तिथे उतरवा, पूर्ण झाली की बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. बाहेरच्या डिस्कचं आणि पेन ड्राइव्हचं फॉरमॅट एक्सफॅट ठेवा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, आणि ही तर १०० च्या वर आहे.

तारजोड

लाईटची काळजी टॉरेंटमध्ये सगळ्यात कमी. मी खेड्यातल्या प्रत्येकाला मोठ्या फाइलीसाठी टॉरेंटच सांगतो, ते याचमुळे. ब्राउझरमधून उतरणारी फाइल ९० टक्क्यांवर तुटली की बहुतेकदा पहिल्यापासून सुरू. इथे प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) असतो. आलेला तुकडा त्याच्याशी ताडून पाहिला जातो, जुळला तरच ठेवला जातो. लाईट आली, मशीन सुरू झालं की जिथं थांबलं तिथून पुढे. शंका वाटली तर टॉरेंटवर उजवी क्लिक करून 'फोर्स रीचेक' द्या. खराब झालेले तुकडेच फक्त परत येतील. राउटर आणि फायबरच्या पांढऱ्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. अभ्यासिकेला इन्व्हर्टर असेल तर कॉम्प्युटर त्यावर.

आणि शाळेच्या लॅबसाठी: एका मशीनवर फाइल पूर्ण झाली की बाकीच्या मशिनींवर तेच टॉरेंट लावा. क्यूबिटटॉरेंटमध्ये लोकल पीअर डिस्कव्हरी चालू असली की ती मशिनी एकमेकांना घरातल्या घरात शोधतात आणि आतल्या केबलवरूनच घेतात, बाहेरचं नेट फार खर्ची पडत नाही. मिंटची फाइल पेन ड्राइव्हवर टाकण्याआधी तिचा एसएचए२५६ चेकसम (पूर्ण फाइलचा ओळख-आकडा) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवा.

आर्वीकर

एसएसडीवर वळवलं, आता मध्ये थांबत नाही. अपलोड ऐंशी टक्क्यांवर बांधलं. फाइल पूर्ण झाल्यावरही मशीन रात्रभर सीड करत ठेवणार आहे. मराठी विकिपीडियाच्या फाइलीला सीडर मोजकेच दिसले, ती तर चालूच ठेवतो. पूसकाठ ताई, तुमच्या शाळेसाठी मिंटचा पेन ड्राइव्ह करून ठेवू का?

पूसकाठ

पेन ड्राइव्ह नको दादा, मिंट मी इथेच उतरवते. मराठी विकिपीडियाही लावते, म्हणजे आणखी एक सीडर वाढेल. लॅबमध्ये बसवताना काही अडलं तर याच धाग्यावर विचारीन.

मेळघाटकडचा

आयपीव्ही६ चालू केलं, नवी आवृत्ती लावली. रात्री अकराच्या नंतर ३००-३५० केबी भेटून राहिले. मराठीवाली फाइल झाली, पोरं मोबाईलवर किविक्स अ‍ॅपमध्ये वाचून राहिले. इंग्रजीवाली एवढी मोठी माझ्या डेटा पॅकमध्ये होणार नाई. आर्वीकर भाऊ, तुमची झाली की एक कॉपी भेटीन का? माझा भाऊ दर आठवड्याले परतवाड्याले येते.

आर्वीकर

नक्की. तुमच्या भावाला २५६ जीबीचा पेन ड्राइव्ह द्यायला सांगा, आधी एक्सफॅट करून. आमच्या अभ्यासिकेतला एक पोरगा अमरावतीला शिकतो, तो परतवाड्यापर्यंत आणून देईल. पत्ता आणि वार व्यक्तिगत निरोपात कळवा.